ऐकू न येणारा सूर

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

मुंबईहून लोकलनं कर्जतकडे येताना नेरळनंतर 'भिवपुरी रोड' नावाचं स्टेशन लागतं. पावसाळ्यात धबधब्यासाठी गर्दी होते, म्हणून ते नाव बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मूळ भिवपुरी मात्र स्टेशनापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वर घाटमाथ्यावर ठोकरवाडीचं धरण आहे. त्याचं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं आणि त्या पाण्यावर १९२२ सालापासून टाटांचं वीजघर चालतं. माझे वडील वीजघरात फिटर होते आणि माझं लहानपण त्याच परिसरात गेलं.

रात्री सगळं शांत झालं की यार्डातल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण घरात ऐकू यायची. एकाच सुरातली, न थांबणारी. मी एकदा वडिलांना विचारलं, "बाबा, जनित्र फिरतं म्हणून त्याचा आवाज होतो. पण ट्रान्सफॉर्मरमध्ये तर काहीच फिरत नाही. मग हा आवाज कशाचा?" ते म्हणाले, "आतलं लोखंड आखडतं नि पसरतं रे. डोळ्यांना दिसत नाही एवढंच."

पुढं शिकताना कळलं की वडिलांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. लोखंडाला चुंबकत्व दिलं की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स ज्यूल यांनी १८४२ मध्ये दाखवलं होतं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनात लोखंड दोनदा चुंबकित होतं, म्हणजे ते सेकंदाला १०० वेळा आखडतं आणि पसरतं. तीच ती गुणगुण. वीज द्यायची आणि थरथर घ्यायची, हेच काम मी पुढं आयुष्यभर केलं. फरक इतकाच, की माझ्या कामात ही थरथर सेकंदाला १०० वेळा होत नाही, २० हजार वेळा होते. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण तिथंच संपते. त्यापलीकडच्या आवाजाला शाळेच्या पुस्तकात 'श्राव्यातीत ध्वनी' म्हणतात. आणि विजेतून हा ध्वनी काढणाऱ्या वस्तूला आम्ही ट्रान्सड्युसर म्हणतो.

तुम्ही म्हणाल, जो आवाज ऐकूच येत नाही त्याचं करायचं काय? तर त्यानं प्लॅस्टिक जोडायचं. आपल्या मोबाइलचा चार्जर हातात घेऊन पाहा. त्याला बहुधा कुठं स्क्रू नसतो, डिंकाचा थेंबही दिसत नाही. तरी त्याची दोन अर्धुकं एकजीव झालेली असतात. मोटारीचे मागचे दिवे, मुलांची खेळणी, औषधी उपकरणांचे भाग अशा कितीतरी वस्तू याच पद्धतीनं जोडल्या जातात. धातूचा एक ठोकळा वरून प्लॅस्टिकवर टेकतो, अर्धा-एक सेकंद थरथरतो आणि जोड तयार. त्या ठोकळ्याला 'हॉर्न' म्हणतात. थरथरीमुळं दोन भागांच्या सांध्यावर घर्षण होतं, प्लॅस्टिक नेमकं तिथंच वितळतं आणि ठोकळा थांबला की लगेच थिजतं. बाकीची वस्तू गार ती गारच. वितळणं नेमक्या जागी व्हावं म्हणून साच्यातच एका भागाच्या कडेला बारीक त्रिकोणी धार ठेवलेली असते. सगळा जोर त्या धारेवर एकवटतो आणि ती आधी वितळते.

ही पद्धत सापडली तीही गमतीनंच. अमेरिकेत रॉबर्ट सोलॉफ नावाचे गृहस्थ अशा थरथरत्या दांडीनं प्लॅस्टिकचे पातळ कागद जोडत होते. एकदा दांडी चुकून चिकटपट्टीच्या प्लॅस्टिकच्या डबीजवळ गेली आणि डबीची दोन्ही अर्धुकं जोडली गेली. म्हणजे दांडी सांध्यावरून फिरवत न्यायची गरजच नव्हती. कडक प्लॅस्टिकमधून थरथर आपली आपण सांध्यापर्यंत पोचत होती. सोलॉफ आणि त्यांचे सहकारी सेमूर लिन्सली यांना त्याचं पेटंट १९६५ मध्ये मिळालं.

आता ही थरथर येते कुठून ते पाहू. सुरुवातीच्या काळात त्यासाठी निकेलचे पत्रे वापरत, म्हणजे माझ्या लहानपणच्या ट्रान्सफॉर्मरचाच प्रकार. आज वापरतात ती एक विशिष्ट भाजलेली चिनी माती. तिच्यात शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम असतं. तिचं एक भावंड तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. गॅस पेटवायच्या लायटरचा खटका दाबला की आतल्या तुकड्यावर टोला बसतो आणि ठिणगी उडते. त्यात बॅटरी नसते. स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. मराठीत याला 'दाबविद्युत' असा चांगला शब्द आहे. याच्या उलटही होतं. वीज दिली तर स्फटिक आखडतो, पसरतो.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी फ्रान्सचे पॉल लांजव्हँ यांनी १९१७ च्या सुमारास क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या चकत्या पोलादाच्या दोन पाट्यांमध्ये बसवल्या आणि समुद्रात आवाज सोडला. आमचा ट्रान्सड्युसर अजूनही त्याच घाटाचा आहे. मागं पोलादाचा ठोकळा, पुढं ॲल्युमिनियमचा किंवा टायटॅनियमचा, मध्ये दोन किंवा चार चकत्या, चकत्यांच्या मधे वीज देण्यासाठी पातळ पत्रे आणि हे सगळं आवळून धरणारा मधोमध एक दणकट बोल्ट. दिसायला इतकं सोपं, की कुठलाही चांगला टर्नर म्हणेल, "एका दिवसात करून देतो." मीही एकदा तसंच म्हणालो होतो. तीच हकीकत आज सांगायची आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली. खालापूर तालुक्यात माझ्या ओळखीच्या एक ताई बचत गटाच्या बायकांना घेऊन मास्क बनवत होत्या. तीन थरांचा मास्क म्हणजे पॉलिप्रोपिलीनचं न विणलेलं कापड. ते वितळतं, त्यामुळं कानाच्या दोऱ्या त्याला शिवत नाहीत, याच थरथरीनं जोडतात. त्यांच्याकडं बाहेरून आणलेलं एकच मशीन होतं आणि एप्रिलमध्ये त्याचा ट्रान्सड्युसर गेला. आतली एक चकती तडकली होती. नवा मागवावा तर वाहतूक बंद. ताईंचा फोन आला, "काका, बारा बायका घरी बसल्यात. रोजचा पैसा बंद झालाय. काहीतरी करा."

मी निवृत्त झालो असलो तरी कर्जतला एका गाळ्यात माझं थोडं सामान होतं. पूर्वीच्या कामातल्या आठ चकत्या डब्यात होत्या. मी जुना ट्रान्सड्युसर उघडला, कॅलिपरनं सगळी मापं घेतली आणि आमच्या टर्नर मामांना दिली. ॲल्युमिनियमचा बार हाताशी होता तो वापरला. टॉर्क पान्यानं बोल्ट आवळला. दोन दिवसांत हुबेहूब जोडी तयार झाली. मशीनला लावली, तर मशीन सुरूच होईना.

मोजलं तेव्हा कारण कळलं. जुना सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांवर चालत होता. माझा १९ हजार ४२० वर बोलत होता. मशीनमधला वीज पुरवणारा भाग आपल्या सुराच्या आसपासचा आवाज शोधतो. पाव टक्का, एक टक्का इकडंतिकडं त्याला चालतं. जवळजवळ तीन टक्के फरक पडला तर तो दाद देत नाही.

असं का झालं? मापं तर तीच होती! इथं थोडं गणित सांगतो. ॲल्युमिनियमच्या दांड्यात आवाज सेकंदाला सुमारे ५ हजार मीटर धावतो. २० हजार कंपनं म्हणजे एका लाटेची लांबी २५ सेंटिमीटर. ट्रान्सड्युसर अर्ध्या लाटेइतका लांब ठेवतात, म्हणजे साधारण साडेबारा सेंटिमीटर. तेवढ्या लांबीत दोन्ही टोकं सर्वांत जास्त हलतात आणि मधला एक भाग जागीच राहतो. पण आवाजाचा वेग धातूच्या जातीवर ठरतो. चकत्यांचा ताठरपणा त्यांच्या प्रतीवर ठरतो. आणि सांधे किती सपाट आहेत, किती आवळलेले आहेत, यावर सगळी जोडणी एक होऊन हलते की तुकड्यातुकड्यांनी हलते, हे ठरतं. यातलं काहीच कॅलिपरवर दिसत नाही. दोन तंबोरे एकाच मापाचे केले म्हणून एकाच सुरात बोलत नाहीत, तसंच हे.

मला तेव्हा घाई होती. सूर खाली आहे ना, मग लांबी कमी केली की चढेल. मामांनी पुढच्या टोकाचं साडेतीन मिलिमीटर काढलं. सूर १९ हजार ९५० वर आला. मशीननं धरला. दोऱ्या जोडल्या जाऊ लागल्या. बायका कामावर आल्या. मला वाटलं, जिंकलं.

तीन-चार दिवसांनी ताईंचा पुन्हा फोन. सुमारे तीनशे मास्क एका दवाखान्यात गेले होते आणि तिथल्या सिस्टरनं कळवलं होतं, की मास्क घालताना कानाची दोरीच हातात येते. दुसरा मास्क काढून घालेपर्यंत पेशंटसमोर तोंड उघडं. त्या दिवसांत या वाक्याचा अर्थ काय होता, ते तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री मला झोप लागली नाही. शेकडा दोन-चार नग फुकट जाणं कारखान्यात चालतं. इथं प्रत्येक नग कुणाच्या तरी नाकातोंडावर होता.

सकाळी परवानगी काढून शेडवर गेलो. मशीन सुरू केलं आणि बाहेरचं कुत्रं कान टवकारून लांब पळालं. कुत्र्याला २० हजारांच्या बरंच वरचं ऐकू येतं, त्यामुळं त्यात नवल नव्हतं. पण मलाही एक बारीक किंचाळी ऐकू येत होती, आणि ती यायला नको होती. वीस मिनिटांत ट्रान्सड्युसरचं आवरण हाताला चटका बसेल इतकं तापलं. पहिल्या दोऱ्या पक्क्या जोडल्या गेल्या होत्या, नंतरच्या ओढल्या की सुटत होत्या.

चूक माझ्या लक्षात आली. आपल्या वारकऱ्यांचे टाळ आठवा. टाळ दोरीनं धरतात आणि दोरी असते मधोमध. कडेला बोट लागलं की नाद बसतो. ट्रान्सड्युसरही असाच जिथं हलत नाही तिथंच धरावा लागतो. त्या जागेला 'निस्पंद' म्हणतात आणि तिथंच त्याला एक बारीक कडं काढलेलं असतं. मी पुढचं टोक कापलं तेव्हा सूर जमला, पण निस्पंद मागं सरकला. कडं होतं तिथंच राहिलं. म्हणजे मी टाळाच्या कडेला बोट लावून ठेवलं होतं. हॉर्नकडे जायची थरथर आवरणात जात होती. त्यानं सगळं तापत होतं. तापलं की सूर उतरतो, आणि मशीन त्याच्या मागं धावता धावता जोर कमी पडतो.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी कागदावर. ओळखीच्या एका साचे बनवणाऱ्यानं चांगल्या कडक ॲल्युमिनियमचा तुकडा दिला. मऊ ॲल्युमिनियम थरथरीतली बरीच शक्ती स्वतःच खाऊन गरम होतं. तुकड्यातून आवाज किती वेगानं जातो हे आधी मोजलं आणि मगच लांबी ठरवली. कडं निस्पंदावर येईल असं मांडलं. चकत्यांना टेकणारे पोलादाचे आणि ॲल्युमिनियमचे चेहरे मामांनी काचेवर बारीक पावडर टाकून तासन्‌तास घासले. दोन चेहऱ्यांमध्ये केसाच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली तरी ती सुरात दिसते.

त्यानंतर बोल्ट. सगळ्यात नाजूक काम हेच. भाजलेली माती कौलासारखी असते. दाब कितीही सहन करते, ताण सहन करत नाही. आणि आपण तर तिला सेकंदाला २० हजार वेळा पसरायला लावणार. अशा हालचालीत टोकाला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ हजार पट असतो, तोही टोक एका दिशेला फक्त १० मायक्रॉन हललं तर. म्हणून चकत्या आधीच इतक्या दाबून ठेवायच्या, की पसरतानाही त्या दाबाखालीच राहतील. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती गार होताना आवळते आणि लाकडाचे सांधे सुटत नाहीत. अगदी तोच हेतू.

दाब किती? चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलो. माझ्या चकत्या ५० मिलिमीटर व्यासाच्या, मधलं भोक २० मिलिमीटर. हिशेब केला तर एकूण दाब पाच टनांच्या घरात जातो. हा टॉर्क पान्यानं नीट मोजता येत नाही, कारण पान्याचा बराचसा जोर आट्यांच्या घर्षणात जातो. आट्यांना तेल लागलं, नाही लागलं, तेवढ्यानं फरक पडतो. पहिल्या खेपेला पाना ठरल्या आकड्यावर 'कट्‌' वाजला होता आणि चकत्यांवर दाब मात्र कमी पडला होता.

यावर उपाय लायटरमध्येच आहे. चकती दाबली की वीज देते. मग तिलाच विचारायचं, तुझ्यावर किती दाब आला? चकत्यांच्या तारांना दहा मायक्रोफॅरडचा एक साधा कपॅसिटर जोडायचा, त्याला व्होल्टमीटर लावायचा आणि सावकाश बोल्ट आवळायचा. माझ्या चार चकत्यांचा हिशेब सुमारे साडेचार व्होल्ट येत होता. काटा तिथं आला की थांबायचं. कपॅसिटर न लावता आवळलं तर हीच वीज सणसणीत झटका देते, हे अनुभवानं सांगतो.

हे झालं मे महिन्याच्या शेवटी. लगेच मशीनला लावायचा मोह होता, पण ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमच्याकडेही झाडं पडली, वीज गेली. काही दिवस ट्रान्सड्युसर टेबलावर नुसता पडून राहिला. वीज आल्यावर मोजला, तर सूर थोडा सरकलेला! आधी घाबरलो, मग आठवलं. नव्यानं दाबलेल्या चकत्या पहिल्या काही दिवसांत हळूहळू स्थिरावतात. आधी भराभर, नंतर अगदी संथ. म्हणून जाणकार कारखाने त्या मुरू देतात आणि मगच शेवटचा सूर लावतात. माझ्या घाईनं जे केलं नसतं, ते वादळानं करून घेतलं.

शेवटचा सूर लावताना मामांनी टोकाचं केसभर काढायचं आणि मी मोजायचं, असं चाललं. काढलेलं परत लावता येत नाही, त्यामुळं दर खेपेला थोडंच. तबल्याच्या पुडीवर शाई थरावर थर घोटत नेतात, मधूनमधून थाप मारून पाहतात, तसं. मध्यावरच्या या वजनामुळं आपल्या तबला-मृदंगाला सुरेल बोल येतो, यावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं होतं. तिथं वजन घालून सूर आणतात, आम्ही वजन काढून.

त्या वेळी मशीन सुरू केलं तेव्हा किंचाळी नव्हती. तासाभरानंतर आवरणाला हात लावला, कोमट होतं. ताईंनी मशीनजवळ एक वजनकाटा टांगला होता. दर पन्नास मास्कांमागं एक मास्क त्याला अडकवून दोरी ओढायची, किती किलोला तुटते ते वहीत लिहायचं. हे मी सुचवलं नव्हतं. तीनशे मास्क परत आले त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच सुरू केलं होतं.

आपल्याकडं छोट्या कारखान्यांत नमुन्यावरून वस्तू बनवायची मोठी हातोटी आहे. वाईट शब्दात तिला नक्कल म्हणतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही; परक्या मशीनचा मोडका दातेरी चाक-पट्टा इथं बनला म्हणून कितीतरी कारखाने चालू राहिले. पण काही वस्तूंचं खरं माप वस्तूच्या अंगावर नसतं. ते कंपनांच्या आकड्यात असतं, चकत्यांवरच्या दाबात असतं, निस्पंदाच्या जागेत असतं. ते घ्यायला फार महागडी साधनं लागतात असंही नाही. एक सिग्नल जनरेटर, एक ऑसिलोस्कोप, एक कपॅसिटर आणि थोडा धीर एवढं पुरतं. आमच्या भागातल्या आयटीआयच्या मुलांना मी हे दाखवतो, तेव्हा ती पहिल्यांदा कॅलिपर काढतात. मी तो बाजूला ठेवायला सांगतो आणि आधी मोजायला बसवतो.

ताईंच्या शेडमध्ये आता मास्क फारसे बनत नाहीत, न विणलेल्या कापडाच्या पिशव्या बनतात. तो ट्रान्सड्युसर अजून चालतो. त्याच्या पाठीवर मी तीन आकडे कोरले आहेत. एक सूर, दुसरा दाबाचे व्होल्ट आणि तिसरी तारीख. परवा आमचे मामा एका नव्या गिऱ्हाइकाचा मोडका नग घेऊन आले. पूर्वी ते विचारत, "माप किती?" या वेळी त्यांनी नग टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काय बोलतोय बघा आधी."